पाणी आधी की कॉफी?

कॅफेच्या फळ्यावर लुंगो, अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक ही नावं एकाखाली एक दिसतात. तिन्हींत दूध नाही, नुसती कॉफी आणि पाणी. मग तीन नावं कशाला? सगळी गोम आहे ती पाणी कॉफीला कुठे आणि कधी भेटतं, यात.

तिन्हींची आई एकच, एस्प्रेसो. सुमारे 7 ग्रॅम बारीक पूड दाबून तिची चकती करायची आणि गरम पाणी 9 बार दाबाने तिच्यातून ढकलायचं. पंचवीस-तीस सेकंदांत कपात जेमतेम 25-30 मिलिलिटर कॉफी उतरते. मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 मध्ये पेटंटसाठी नोंदवलेलं यंत्र वाफेवर चालायचं. दाब दीड-दोन बार, त्यामुळे वर सोनेरी फेस नाही. तो आणला आकिले गाजिया या मिलानच्याच कॅफेवाल्याने. त्याचं पहिलं पेटंट 1938 चं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने दांडी आणि स्प्रिंगचं यंत्र बाजारात आणलं. भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. जास्त दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात दाब सुटताच सोड्याची बाटली उघडावी तसा बुडबुड्यांनी वर येतो. हाच तो क्रेमा.

लुंगोत त्याच चकतीतून दुप्पट किंवा त्याहून जास्त पाणी काढतात. पुडीतली आंबट द्रव्यं आधी उतरतात, कडू-तुरट मागाहून. चहा जास्त वेळ उकळला की जे होतं, तेच इथे. रिस्ट्रेटो या एस्प्रेसोच्या आखूड प्रकारात उलट, धार लवकर तोडतात.

अमेरिकानोत जादा पाणी चकतीला शिवतच नाही. तयार एस्प्रेसोवर वरून ओततात. म्हणून कप मोठा दिसला तरी एका शॉटच्या अमेरिकानोत कॅफिन एका एस्प्रेसोइतकंच. इटलीत आलेल्या अमेरिकी सैनिकांना एस्प्रेसो झेपेना, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. गोष्ट झकास आहे, पुरावा मागू नये.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लाँग ब्लॅकमध्ये क्रम उलटा: आधी गरम पाणी, वर एस्प्रेसो. पाणीही बहुधा कमी. फेस मोडत नाही, कप देखणा दिसतो.

पण हा देखणा फेस चमच्याने नुसता चाखून पाहा. चांगलाच कडू लागतो. 2007 चा जागतिक बरिस्ता विजेता जेम्स हॉफमन तर अमेरिकानोवरचा फेस काढून टाकायला सांगतो.