गाठीचा तुकडा आणि उपचाराचा निर्णय

बायोप्सीचा अहवाल हाती आला की घरची मंडळी 'कॅन्सर आहे की नाही' एवढेच पाहतात. ते साहजिक आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगात त्याच तुकड्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : या पेशींत कोणती प्रथिने आहेत? इआर, पीआर व हर-टू ही त्यांची नावे. इआर असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू भरपूर असल्यास ट्रॅस्टुझुमॅब हे औषध. हर-टूचा जोर असलेला रोग अधिक घातक ठरतो, हे डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले. औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली.

तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवितात. हाच 'ब्लॉक'. त्याचे केसाहूनही पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर नेमक्या त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. हर-टूला ० ते ३+ असे गुण देतात. ३+ म्हणजे होकार. २+ म्हणजे संशय, मग फिश चाचणीने जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात.

पण रंग आला नाही म्हणजे प्रथिन नाहीच, हे कशावरून? बँकेत आम्ही नमुना-सहीशी ताडल्याशिवाय चेक पास करीत नाही. येथेही प्रथिन असल्याची खात्री असलेला तुकडा सोबत रंगवितात. तोही कोरा राहिला तर चाचणीच फसली. चाचणी नव्याने सुरू करताना तर प्रयोगशाळेला अनेक नमुन्यांचे निकाल दुसऱ्या खात्रीच्या चाचणीशी जुळवून पाहावे लागतात.

एवढे करूनही तुकडाच बिघडलेला असेल तर इलाज नाही. तो काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावा, ६ ते ७२ तास मुरावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. उशीर झाला की प्रथिने नासतात, अहवाल खोटाच 'निगेटिव्ह' येतो आणि लागू पडणारे औषध त्या बाईला मिळतच नाही. तुमसर-साकोलीकडे शस्त्रक्रिया होऊन गाठ नागपूरला पाठविली जाते तेव्हा हे फार महत्त्वाचे. फॉर्मॅलिन कोणी, किती वाजता घातले, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून आलेल्या रुग्णाकडे स्लाइड व ब्लॉक मागतात. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, पुन्हा तपासता येतो. मात्र तो मेणाचा आहे; मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नये.