सत्तावीस ठोकळ्यांचे कोडे

पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे एकमेकांस मिळतात त्या माजिवड्याच्या नाक्यापासून वागळे इस्टेट फारशी दूर नाही. तेथे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास आरंभ झाला आणि आसपासच्या कित्येक घरांतून फिटर-टर्नरांची भाषा नित्याची झाली. तथापि त्याच घरांतील मुले रंधा किंवा गुण्या हाती न धरताच शालान्त परीक्षा उत्तीर्ण होतात, ही विसंगती सहज दुर्लक्षिण्याजोगी खचितच नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून शाळेच्या दप्तरात हातांच्या शिक्षणाचीही तजवीज केली. अलीकडे अटल टिंकरिंग प्रयोगशाळांनी थ्री-डी प्रिंटरही शाळांत आणून ठेवले. असे साहित्य हाताशी असता वर्गाला प्रथम काय घडवावयास द्यावे, या प्रश्नाला माझे उत्तर लाकडाचे कोडे हे आहे.

सत्तावीस समान ठोकळे घ्यावेत, ते तीन-तीन, चार-चार किंवा पाच-पाच असे चिकटवून वाकडेतिकडे तुकडे करावेत, आणि त्या तुकड्यांचा पुन्हा एकसंध घन जुळवावा. पीट हाइन या डॅनिश कवी-शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात, हायझेनबर्ग यांचे क्वांटमविषयक व्याख्यान ऐकता ऐकता, याच जातीचे ‘सोमा’ कोडे कल्पिले, असे सांगतात. त्याचे तुकडे सात. आणि घन फिरवून वा आरशात पाहून मिळणाऱ्या पुनरुक्ती वगळल्या तरी त्याची उत्तरे २४० भरतात. तरीही नवखा मनुष्य त्यापुढे घटकाभर बसून राहतो.

विद्यार्थ्याने मात्र सोम्याची नक्कल न करता आपले तुकडे आपणच योजावेत. येथे एक युक्ती उपयोगी पडते. बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे घनाचे ठोकळे आलटून पालटून काळे-पांढरे मानले, तर एका रंगाचे १४ आणि दुसऱ्याचे १३ भरतात. प्रत्येक तुकड्यातील दोन रंगांच्या संख्यांत काही अंतर असते. ही अंतरे कशीही अधिक-उणी मांडून बेरीज एक येत नसेल, तर तो घन जन्मात जुळणार नाही, आणि हा निवाडा करवत हाती घेण्यापूर्वीच कागदावर मिळतो. बेरीज एक आली म्हणजे घन जुळेलच असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, ज्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले आणि ज्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे नाव डोंबिवली स्थानकावरून पडले, त्यांच्या खेळांना कागद-पेन्सिल पुरे होती. ठोकळ्यांच्या कोड्याला लाकडाचीही संमती घ्यावी लागते. १९ मिलिमीटर जाडीची चौरस पट्टी रंधून घेतली की चार बाजू साधतात, पण पाचवी व सहावी बाजू करवतीच्या हवाली असते, आणि तिथेच घात होतो. प्रत्येक ठोकळा अर्ध्या मिलिमीटरने मोठा राहिला, तर तीन ठोकळ्यांच्या रांगेत दीड मिलिमीटर साचतो. कागदावर बिनतोड ठरलेले उत्तर मग हातात बसतच नाही. कापलेल्या टोकाकडील तंतू सरस पिऊन टाकतात, त्यामुळे त्या बाजूचा सांधा कच्चा राहतो. म्हणून शक्य तेथे रेषांच्या अंगाने बाजू चिकटवाव्यात. शिवाय लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवे मात्र फुगते. मे महिन्यात सहज निसटणारा तुकडा जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत अडकून बसला, तर दोष कारागिराचा नसून ऋतूचा असतो. सागवान या बाबतीत बरेच संयमी. भाव विचारल्यावर मात्र शाळेचे खजिनदार देवदाराकडे वळतात.

आराखड्यात प्रत्येक तुकडा समोरून, वरून व बाजूने दाखवावा, सोबत तीस अंशांच्या तिरप्या रेषांनी काढलेले त्याचे घनचित्र द्यावे, आणि ते चित्र अशा बेताने असावे की शेजारच्या बाकावरील मुलाला केवळ त्याबरहुकूम तोच तुकडा करता यावा. न करता आला, तर चित्र सुधारावे. कोडे तयार झाल्यावर ते दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि कर्त्याने तोंड मिटून बसावे, ही अट मला सर्वांत कठीण वाटते. सोडवणारा कोणता तुकडा वारंवार उचलून खाली ठेवतो, कोठे त्याचा अंगठा थबकतो, हे वहीत टिपून घ्यावे; आणि पहिल्याच झटक्यात घन जुळला, तर लांबट तुकड्यातील एक ठोकळा पटाशीच्या धारेने सोडवून दुसरीकडे चिकटवून पाहावा.