रोमन लीजनच्या शिपायाचा प्रतिकृति-संच : पहिल्या खरेदीचा विचार

रोमन पायदळाच्या शस्त्रास्त्रांच्या प्रतिकृति करवून त्या अंगावर वागविण्याचा परिपाठ युरोपांत गेल्या अर्धशतकांत चांगलाच रुळला आहे. इंग्लंडांत ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ नांवाचें मंडळ १९७२ सालीं निघालें; तशीं मंडळें इतर देशांतहि आहेत. या मंडळांतून व हौशी लोकांतून जो माल खपतो, त्यांतील बराच आपल्याच देशांत, मीरत व डेहराडून येथील कारखान्यांत, घडविला जातो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणजे पैसा असेल तर वस्तु मिळण्याची अडचण नाहीं. अडचण आहे ती निवडीची. प्रतिकृति ही केवळ शोभेची वस्तु मानली तर प्रश्न मिटलाच. परंतु चिलखत घालून चार कोस चाललें असतां खांदा कोठें काचतो, ढाल किती वेळ पेलवते, हें पाहून जो इतिहासाविषयीं कांहीं अनुमान काढूं इच्छितो, त्याची प्रतिकृति हें एक साधन होय. आणि साधन अशुद्ध असेल तर अनुमानहि अशुद्धच निघणार. भ्रष्ट पोथीवरून पाठनिर्णय करण्यासारखेंच तें आहे.

म्हणून पहिलें काम काळ ठरविण्याचें. सर्व शतकांस लागू पडेल असा ‘रोमन शिपाई’ कधींच नव्हता. बाजारांतून एकेक वस्तु आवडेल तशी उचलली, तर कॉर्ब्रिज पद्धतीचें चिलखत, माइन्त्स पद्धतीची तलवार व दुरा-युरोपस येथील ढालीची नक्कल अशी त्रयी सहज जमते. यांपैकीं कॉर्ब्रिजची पेटी इ. स. १२२ ते १३८ च्या दरम्यान पुरली गेली, माइन्त्स तलवार पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांतील, आणि ढाल तिसऱ्या शतकाच्या मध्याची. शिवकालीन मावळ्याच्या हातीं खडकीच्या लढाईंतील पलटणीची बंदूक दिली तर आपण हंसूं. येथें तर अंतर त्याहूनहि मोठें आहे. नवख्यानें पहिल्या शतकाचा उत्तरार्ध धरावा हें बरें. त्या काळचीं साधनें विपुल आहेत, इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेईनें तर तलवारीच्या एका प्रकारास आपलें नांवच दिलें आहे.

चिलखताविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. रोमन शिपाई म्हटला कीं लोखंडी पट्ट्यांचें चिलखत डोळ्यांपुढें उभें राहतें. रोम येथील त्राजान बादशहाचा इ. स. ११३ चा स्तंभ आणि अलीकडील चित्रपट हें त्याचें कारण. ‘लोरिका सेगमेंटाटा’ हें त्याचें नांव देखील रोमनांचें नव्हे. तें मागाहूनच्या युरोपीय पंडितांनीं पाडलें. १९६४ मध्यें इंग्लंडांतील कॉर्ब्रिज येथें एका लाकडी पेटींत या चिलखतांचे भाग सांपडले. लंडन टॉवरच्या शस्त्रागारांतील एच. रसेल रॉबिन्सन यांनीं ते जुळविले, तेव्हां पट्ट्या आंतील बाजूस चामड्याच्या वाद्यांनीं एकत्र बांधलेल्या असत हें नीट उलगडलें. पुढें २०१८ सालीं जर्मनींत काल्क्रीझ येथें याच जातीचें, परंतु बरेंच जुनें व जवळजवळ अखंड चिलखत मिळालें. परंतु त्राजानच्याच डेशियन युद्धांचें दुसरें स्मारक रुमानियांत आदामक्लिसी येथें आहे. त्यावरील लीजनचे शिपाई कड्यांचीं व खवल्यांचीं चिलखतें घातलेले दिसतात. रणभूमीजवळच्या त्या ओबडधोबड शिल्पाची साक्ष आम्हांस राजधानींतील देखण्या स्तंभाहून अधिक वजनदार वाटते.

कड्यांचें चिलखत (कौटिल्यानें वर्मांत गणलेली लोहजालिका ती हीच जातीची, असें मानण्यास हरकत नसावी) रोमन सैन्यांत शतकानुशतकें चाललें. पहिल्या संचास तेंच घ्यावें असें आमचें मत आहे. मात्र कडीं पारखून घ्यावीं. मूळ चिलखतांत एक ओळ अखंड कड्यांची व एक ओळ रिवेट मारलेल्या कड्यांची असे. स्वस्त मालांत कड्यांचीं टोकें नुसतीं एकमेकांस भिडविलेलीं असतात व ताण बसला कीं तीं उघडतात. अल्युमिनियमचीं कडीं तर घेऊंच नयेत. दहा किलोंच्या आसपासचें ओझें खांद्यावर वागविणें, आणि कंबरपट्टा आवळतांच त्यांतील बराचसा भाग कमरेवर उतरतो हें प्रत्यक्ष जाणणें, यासाठींच तर हा खटाटोप. तेंच गेल्यावर उरलें काय? ज्यास पट्ट्यांचेंच चिलखत हवें असेल त्यानें तें स्वतःच्या मापावर करवावें. आंत जाड बंडी पाहिजे. ‘दे रेबुस बेल्लिकिस’ या उत्तरकालीन निनांवी ग्रंथांत चिलखताखालीं घालावयाच्या अशा वस्त्राचें वर्णन आहे.

शिरस्त्राणांचे विक्रेते ‘इंपीरियल गॅलिक जी’ यासारखीं नांवें सांगतात. हें वर्गीकरण रॉबिन्सन यांच्या १९७५ च्या ग्रंथांतील आहे, व त्याचा आधार उत्खननांत मिळालेल्या वस्तु हा आहे. तेव्हां खरेदीदारानें एकच प्रश्न विचारावा : याची मूळ वस्तु कोणत्या संग्रहालयांत आहे ? ज्यास उत्तर देतां येत नाहीं त्याचा माल नाटकमंडळीस योग्य समजावा. आडवा तुरा सेंच्युरियनचा, म्हणजे शतपतीचा. शिपायाच्या संचांत तो नको. डोक्याचें माप अस्तराची जाडी धरून द्यावें.

तलवार पाँपेई पद्धतीची, समांतर धारांची व आंखूड टोकाची असावी; धार बोथट ठेवावी, आणि आपल्या देशाचा शस्त्रकायदा आधीं पाहावा. म्यान उजव्या बाजूस येतें. ढाल विकत घेण्यापेक्षां घरीं करणें चांगलें. पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे सरसानें चिकटवून त्यांस बांक द्यावा. येल विद्यापीठाच्या संग्रहांत असलेली दुरा-युरोपसची ढाल अशीच बनविलेली आहे. तिची रचना घ्यावी; तिच्यावरील चित्रें मात्र तिसऱ्या शतकाचीं असल्यानें घेऊं नयेत.

खरेदीचा क्रम आम्ही बहुतेकांच्या उलट सांगतों. लोक प्रथम चिलखतावर पैसा ओततात, मग तें बंडीवर बसत नाहीं व खुंटीवर गंजत पडतें. प्रथम लोकरीचा अंगरखा व पादत्राणें घ्यावीं, मग कंबरपट्टा व शिरस्त्राण. चिलखत शेवटीं, आणि तेंहि एखाद्या मंडळांतून उसनें आणून दिवसभर वागवून पाहिल्यावर. ‘कालिगा’ नांवाचीं पादत्राणें पाय कागदावर रेखून करवावीं. त्यांच्या तळास लोखंडी खिळे असतात. ते मातींत रुततात, परंतु फरशीवर घसरतात. इ. स. ७० मध्यें यरुशलेमच्या मंदिराच्या आवारांत जुलियानुस नांवाचा बिथिनियाचा शतपति एकटाच शत्रूस मागें रेटीत असतां या खिळ्यांमुळेंच फरशीवर घसरून पडला व तेथें मारला गेला, असें जोसेफसनें लिहून ठेवलें आहे. तेव्हां संग्रहालयाच्या गुळगुळीत दालनांत हा वेष घालून जावयाचें असल्यास रबरी तळाची दुसरी जोडी करवून घेण्यास संकोच करूं नये. प्रेक्षकांस तळ दिसत नाहीं.