विजेचे सोळा खांब

काकूची उजवी चप्पल वाटेतच राहिली आणि तिला कळलंसुद्धा नाही. चार पावलं पुढे गेल्यावर मी सहज मागे पाहिलं, तर चप्पल पांदणीच्या धुळीत उलटी पडलेली. उचलून आणली तेव्हा ती स्वतःच्या अनवाणी पायाकडे बघत उभी होती. "बाई, निघाली केव्हा व?" पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपायाच्या नसा बधिर होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते बधिरपण म्हणजे नेमकं काय, ते मला राळेगावच्या त्या पांदणीत समजलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून टाचेला घट्ट बसणारे कापडी बूट आणले. सहावारीखाली बूट घालायला तिला लाज वाटायची. ती लाज आठवडाभर टिकली.

डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया, आठ केमो, मग रेडिएशनचा शेक. या सगळ्यासाठी वर्धा नदी ओलांडून किती खेपा झाल्या त्याची मोजदाद नाही. उपचार संपले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने तिची काळजी घ्यायची ठरवलं, आणि आमच्याकडे काळजी म्हणजे आराम. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी तिला उचलू देत नव्हतं. पलंग खिडकीपाशी सरकवला, टीव्ही समोर आणला. तीन महिन्यांत तिची अवस्था अशी झाली की मोरीपर्यंत जाऊन आली की भिंतीला टेकून उभी राहायची. "मले झोपूनच थकल्यासारखं वाटते," ती म्हणाली, आणि ते शब्दशः खरं होतं.

कॅन्सरच्या उपचारांनंतरचा थकवा दिवसभर राबल्यावर येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. तो झोपेने उतरत नाही. माणूस पडून राहिला की मांड्यांचे स्नायू झिजतात, हृदयाची एका ठोक्यात रक्त ढकलायची ताकद कमी होते. मग तेवढंच काम जड वाटतं, म्हणून माणूस आणखी पडून राहतो. काकूला सुरुवातीच्या केमोत डॉक्सोरुबिसिन दिलं होतं. सलाईनमधून जाणारं ते लालभडक औषध कॅन्सरच्या पेशींना मारतं, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं. अशा हृदयाला जपायचं म्हणून आम्ही त्याला निजवून ठेवलं होतं. तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं, किती अंतर झालं ते मोजलं, थांबावं किती वेळा लागलं ते लिहून घेतलं आणि सांगितलं, हिला चालवा. दम लागेल असं चालवा.

गावात हे पटवणं अवघड होतं. "जन्मभर वावरात राबली, तिले कायचा व्यायाम?" असं शेजारची माय म्हणाली, आणि तिचं चुकलं असं मला पटकन म्हणवेना. काकूने तीस-पस्तीस हंगाम कापूस वेचला आहे. एकदा मुद्दाम धुऱ्यावर बसून वेचणी पाहिली. कमरेला ओटी बांधलेली, कंबर वाकलेली, दोन्ही हात पऱ्हाटीत. एका झाडापाशी बोंडामागून बोंड, मग अर्धं पाऊल, की पुन्हा तेच. पाठ, मान, बोटं यांचा पार चुरा होतो. मात्र श्वास शांत असतो. बायका दिवसभर वेचता वेचता बोलत असतात. हृदयाची गती वाढवून ती सलग वीस-तीस मिनिटं तशीच ठेवणं हे या कामात होत नाही. कष्ट आणि एरोबिक व्यायाम यांतला हा फरक मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या धुऱ्यावर नीट दिसला.

मोजायला आमच्याकडे विजेचे खांब होते. पहिल्या दिवशी चार खांब जाऊन परत, मधे दोनदा बसून. दुसऱ्या आठवड्यात सहा. मग एक खांब झपाझप, दोन खांब हळू. पुढे दोन झपाझप, एक हळू. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी होती: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. काकू प्रार्थना मंडळातली, आवाज खडा. आठव्या खांबाशी मी भजनाची ओळ म्हणायला सांगायचे. पूर्ण म्हणाली तर चाल वाढवायची; मधेच श्वास तुटला तर ठीक चाललंय; आणि माझ्या प्रश्नाला नुसती मान हलवली तर थांबायचं. ताप असला, छातीत दुखलं, चक्कर आली तर त्या दिवशी चालणं नाही. शेतात फवारणी चालू असली तर पांदण सोडून डांबरी रस्ता धरायचा.

पहाटे निघायचं नाही, हेही ठरलेलं. शहरातली माणसं पाचला उठून फिरायला जातात, इथे ते जमत नाही. टी-१ वाघीण, जिला अवनी म्हणत, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री याच तालुक्यात बोराटीजवळ मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत एकटं वावरात जायला माणसं कशी घाबरायची ते इथल्या कुणालाही विचारा. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, आणि रानडुकरं तर रोजचीच. म्हणून ऊन वर आल्यावर, आणि दोघींनी मिळून. खेड्यातल्या बाईला 'रोज चाला' एवढंच लिहून देणाऱ्यांनी ती कोणत्या वाटेने, किती वाजता आणि कुणाबरोबर चालणार हेही विचारावं, असं मला फार वाटतं.

अमेरिकेत २,९८७ परिचारिकांच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला होता. या सगळ्यांना १९८४ ते १९९८ या काळात स्तनाचा कॅन्सर झालेला. डॉ. मिशेल होम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. आठवड्याला तीन ते पाच तास साध्या वेगाने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी दिसलं. ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच जास्त चालत असतील, ही शंका अशा अभ्यासात राहतेच; म्हणून मी काकूला 'चाललीस की दुखणं परत येणार नाही' असं वचन कधी दिलं नाही. थकव्याबद्दल मात्र पुरावा पक्का आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने जमवलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मांडलं की अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, असा एरोबिक व्यायाम आठ ते बारा आठवडे केला तर थकवा, चिंता, उदासी कमी होते. काकूच्या बाबतीत सातव्या आठवड्यात पहिला फरक जाणवला: दुपारची झोप तिने आपणहून सोडली आणि तूर निवडायला बसली. लेट्रोझोलच्या गोळ्यांनी सकाळी गुडघे आखडायचे, तेही तिसऱ्या खांबापर्यंत मोकळे व्हायला लागले.

सगळ्यात मोठी धास्ती डाव्या हाताची. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, म्हणून 'त्या हाताने काही करू नको' हे बाईला जन्मभर ऐकावं लागतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हात सुजतील अशी तेव्हाची समजूत होती. एकीचाही सुजला नाही. मी हे सांगितलं तेव्हा काकूने एवढंच विचारलं, "पाण्यात भेव नाही वाटलं त्यायले?" ती चालताना तो हात पोटाशी धरून ठेवायची. मी तिच्या डाव्या बाजूने चालत, बोलता बोलता माझा हात मोठा झुलवायचे. काही दिवसांनी तिचाही झुलायला लागला. त्या हातात ती एकच सैल बांगडी ठेवते. रोज सकाळी निघण्याआधी ती मनगटापासून वर सरकवून बघते; नेहमीच्या खुणेच्या तिळापर्यंत गेली की निघायचं. एकदा बोटभर खाली अडकली. पऱ्हाटीचा ओरखडा लागला होता, हात लाल आणि गरम. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं, सूज उतरली. तेव्हापासून वावरात जायचं तर डाव्या हाताला जुना मोजा चढवते.

सीतादहीच्या, म्हणजे कापसाची वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या दिवशी घरच्यांनी तिच्यासाठी ऑटो सांगितला होता. ती चालत गेली. सोळा खांब, मधे न बसता. दहीभात शिंपडला, मोजा घालून एक ओळ वेचली, आणि पाठ धरली म्हणून धुऱ्यावर येऊन बसली.

मे महिन्यात सगळं पुन्हा अडलं. सकाळी आठलाच ऊन अंग भाजतं, आणि सहाला बाहेर पडायची आमची दोघींची हिंमत नाही. मग ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. गणती चुकू नये म्हणून तिने दोन वाट्या ठेवल्या. फेरी झाली की तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. शंभर दाणे झाले की पाणी. जून लागला, पाऊस आला, पांदण चिखलाने भरली, आम्ही डांबरी रस्त्यावर खांब नव्याने मोजले. वाट्या ओसरीच्या कोनाड्यात आहेत, दाण्यांसकट. पावसाची झड लागली की ती त्या खाली काढते.