एपीआय चाचण्यांचे सुबोध अहवाल : स्वरूप व आवश्यकता

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’विषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यानुसार विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या संगणकीय खात्यात जमा होतात. शहापूर तालुक्यातील किन्हवलीच्या विद्यार्थ्याने पुढे अन्यत्र प्रवेश घेतल्यास याच नोंदीवर त्याची भिस्त असते. डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेत एक प्रणाली दुसरीकडे ठरावीक स्वरूपात माहिती मागते व मिळविते; या मार्गास एपीआय म्हणतात. तो मार्ग अचूक चालतो किंवा नाही, हे स्वयंचलित चाचण्यांद्वारे तपासता येते. तथापि चाचणीचा निष्कर्ष वाचणाऱ्यास कळला नाही, तर तपासणीचा हेतूच साध्य होत नाही.

कच्चा निष्कर्ष

जावा भाषेतील जेयुनिट या साधनामुळे रूढ झालेले एक्सएमएल स्वरूप आज अनेक साधने वापरतात. बंगळूर येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या पोस्टमन कंपनीचे न्यूमन हे साधनही या स्वरूपात निष्कर्ष देते. त्यात सामान्यतः दोन प्रकार वेगळे नोंदविले जातात. अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तर जुळले नाही, तर ते अपयश होय. चाचणीच पूर्ण होऊ शकली नाही, तर ती त्रुटी होय. मात्र हे स्वरूप यंत्रासाठी आहे. त्यावरून माणसासाठी एचटीएमएल पृष्ठ तयार करणे, हे अहवाल-निर्मितीचे कार्य होय.

कारणानुसार वर्गीकरण

समजा, ४० चाचण्यांपैकी १० अयशस्वी झाल्या. त्यांपैकी ९ ठिकाणी प्रवेश-परवान्याची मुदत संपल्याने ४०१ हा संकेतांक आला. एका ठिकाणी ४ श्रेयांक अपेक्षित असता ३ मिळाले. केवळ ‘१० अयशस्वी’ असे लिहिणारा अहवाल खोटा नसला, तरी दिशाभूल करणारा ठरतो. परवान्याचे नूतनीकरण केल्यावर ९ चाचण्या सुरळीत होतात आणि उरलेली एकही तशीच किरकोळ असावी, असा समज होतो. वास्तविक विद्यार्थ्याचे नुकसान करणारा दोष तोच असतो.

म्हणून सुबोध अहवालात चाचण्या कारणानुसार एकत्र कराव्यात. प्रत्येक चाचणीस ‘चाचणी १७’ असे नाव न देता ‘उत्तीर्ण विद्यार्थ्याचे श्रेयांक मिळतात’ असे अर्थपूर्ण नाव द्यावे. अपेक्षित मूल्य, प्रत्यक्ष मूल्य, पाठविलेली विनंती, वेळ व मागील फेरीतील स्थिती यांची नोंद असावी. परवाना-संकेत व विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती मात्र झाकावी. शक्यतो काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवरच चाचणी घ्यावी.

समारोप

अहवालाची कसोटी त्यातील रंगीत आलेखांवर ठरत नाही. संगणकशास्त्र न शिकलेल्या प्राचार्यांना किंवा परीक्षा विभागातील लिपिकाला तो वाचून काय बिघडले, कोणावर परिणाम झाला व दुरुस्ती कोणी करावयाची, हे समजले पाहिजे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्यात चाचण्या लिहिण्याबरोबरच असे अहवाल तयार करण्यासही शिकविणे, म्हणूनच अगत्याचे आहे.