शेरीच्या पिंपातली जुनी चव

शेरीच्या पिंपात मुरलेल्या जुन्या स्कॉचची चव आता राहिली नाही, अशी हळहळ जाणकार मंडळी हमखास व्यक्त करतात. ही नुसती म्हातारपणाची कुरकुर आहे, असे मला वाटत नाही. पूर्वी स्पेनमधल्या हेरेझची शेरी, म्हणजे द्राक्षांची कडक वाइन, लाकडी पिंपांतून ब्रिटनला येई. रिकामी झालेली पिंपे व्हिस्कीवाले उचलत. लाकडात जिरलेली ती शेरीच व्हिस्कीला मनुका-अंजिराचा स्वाद देई. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा दंडक आला आणि हा ओघ आटला. आता नव्या ओकच्या पिंपात वर्ष-दोन वर्षे शेरी मुद्दाम भरून ठेवतात. ती पिण्यासाठी नसतेच; पुष्कळदा तिचे पुढे व्हिनेगर होते! साहजिकच शेरीपेक्षा लाकूडच जास्त बोलते. शेरीच्या पिंपांसाठी गाजलेल्या मॅकॅलननेही २००४मध्ये बर्बनच्या पिंपांची जोड दिलेली ‘फाइन ओक’ मालिका काढली.

अर्थात, जुने सगळेच सोवळे नव्हते. थकलेल्या पिंपांत ‘पाक्सारेते’ नावाची दाट, गोड वाइन दाबाने जिरवत. पुढे त्यावर बंदी आली. लेबलावरचा ‘१८ वर्षे’ हा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, पिंपाचे कूळ नव्हे. जादा दाम मोजण्यापूर्वी मी तरी त्या पिंपाचीच चौकशी करीन.