विहिरींतला पोहणारा आणि समुद्र

कळमनुरीहून समुद्र सरळ रेषेनेंहि चारशें किलोमीटरांहून दूर आहे. तिकडे पोहणें म्हणजे विहिरीचें. नदी म्हणजे कयाधू, आणि अथांग पाणी म्हणजे पैनगंगेवरील इसापूर धरणाचा जलाशय. अशा गांवचें एखादें कुटुंब दिवाळीच्या सुटींत कोंकणांत किंवा गोव्यास जातें, तेव्हां घरांतील पट्टीचा पोहणारा सर्वांच्या आधीं लाटांत शिरतो. खरा धोका त्यालाच असतो. कारण विहिरीनें शिकविलेला धडा समुद्रांत उपयोगी पडत नाहीं.

विहिरीचें पाणी स्थिर असतें. दम लागला कीं सरळ जवळचा कांठ गांठावा, हेंच तेथें शहाणपण. समुद्रकिनाऱ्यावर लाटा एकामागून एक पाणी आणून टाकतात. त्या पाण्याला परत जावयास वाट हवी असते. वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट जागेंतून तें अरुंद ओढ्यासारखें समुद्राकडे धांवूं लागतें. या ओढीचा वेग कधीं कधीं सेकंदाला दोन मीटरांपर्यंत जातो. इतक्या वेगाविरुद्ध नामांकित पोहणाऱ्याचाहि निभाव लागत नाहीं. विशेष हें कीं, ओढीच्या जागीं लाटा कमी फुटतात. भोंवतालच्या फेसाळ पाण्यापेक्षां तीच जागा शांत दिसते, आणि नवखा मनुष्य मुलांना घेऊन नेमका तेथेंच उतरतो.

ही ओढ माणसाला खालीं खेंचीत नाहीं. किनाऱ्यापासून दूर नेते. मनुष्य बुडतो तो तिच्याशीं झुंजून थकल्यामुळें. म्हणून तींत सांपडलेल्यानें प्रथम अंग सैल सोडून तरंगत राहावें आणि हात उंचावून मदत मागावी. बळ असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावें, व मगच तिरकस दिशेनें परतावें.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. दोन भरत्यांमध्यें सुमारें साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासाहून अधिक पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर बहुतेक ठिकाणीं हा चढउतार एक मीटरहूनहि कमी असतो. मुंबईस मात्र मोठ्या उधाणांत पाणी साडेचार मीटरांहून उंच चढतें. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें, आणि भरती आली कीं तीच वाट पाण्याखालीं जाते. जाण्यापूर्वीं परतण्याची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारावी.

पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड येथें पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हां पावसाळा नव्हता. निरभ्र आकाश हें समुद्राच्या शांततेचें प्रमाणपत्र नव्हे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. जेथें लाल-पिवळीं निशाणें रोंवलेलीं असतील, तेथें त्यांच्या दरम्यानच उतरावें; नुसतें लाल निशाण दिसल्यास पाण्यांत पाऊल टाकूं नये. जेथें जीवरक्षक नाहीं, तेथें गुडघाभर पाण्याची मर्यादा पाळणें उत्तम. मद्य घेऊन, अथवा अंधार पडल्यावर, पाण्यांत उतरणें टाळावें. लहान मुलें मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर असावींत.

सर्वांत कठीण नियम शेवटचा. आपलें माणूस बुडतांना पाहून बाप, भाऊ, मित्र विचार न करतां उडी घेतात, आणि एकाच्या जागीं तिघे जातात. अशा वेळीं उडी घेण्याऐवजीं दोर, साडी किंवा झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेंकावा, जीवरक्षकाला हांक द्यावी, ११२ या क्रमांकावर कळवावें. ज्या प्रेमानें मनुष्य पाण्याकडे धांवतो, त्याच प्रेमानें त्यानें क्षणभर कांठावर थांबावें. विहिरीवर वाढलेल्या माणसाला समुद्राकडून शिकावयाचा पहिला धडा हाच आहे.